होडीतलं चौथं

सिंकमधला चमचा खळकन घसरला आणि दुपारची शांतता तडकली. तिने श्वास रोखून आतल्या खोलीकडे पाहिलं. लेक जागी झाली नव्हती. सुटले, म्हणत ती पुन्हा टेबलाशी आली.

वडील गेल्यावर त्यांच्या सामानातलं हे चित्र दादाने पाठवलं होतं. पेन्सिलीने भराभर ओढलेली होडी, तिच्यात चार आकृत्या. चेहरे नाहीतच. वल्हं धरलेले वडील खांद्यांवरून ओळखू आले. मान कलती ठेवून आई. पुढे तंगड्या पसरून दादा. आणि मागच्या टोकाला एक मुटकुळं.

"अगं शहाणे, ती तूच!" दादा फोनवर हसत हसत म्हणाला होता. "रुसून बसलीयेस. एवढं तोंड फिरवून आपल्या घरात दुसरं कोण बसणार?"

ती हसली होती. मनासारखं लग्न करून ती बाहेर पडली, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून वडिलांनी तिचं नाव टाकलं ते टाकलंच. चित्रावरची तारीख मात्र गेल्या वर्षीची. आई जाऊन दहा वर्षं झाली, तरी तीही होडीत होती. मग आपल्यालाही बसवलं असेल की! अबोला जिभेचा; हाताचा थोडाच असतो?

तिने कागद खिडकीपाशी नेला. होडी बांधण्याआधी भार कुठे पडेल हे पाहायला वडील असंच कच्चं काढत. बसणाऱ्या माणसाखाली ठिपका, सामानाखाली फुली. सवयच ती, गंमत म्हणून काढलं तरी खुणा सुटत नसत.

ठिपका. ठिपका. ठिपका.

मुटकुळ्याखाली फुली होती. पुसट, पण फुलीच.

दादाही वडिलांच्या होड्यांच्या कारखान्यातच लहानाचा मोठा झालेला. त्याला दिसली नसेल? दिसली असणार. म्हणूनच तर एवढा हसत होता.

"आई, काय बघतेस?" डोळे चोळत लेक मांडीवर चढली.

"हे आजोबा. ही आजी. हा मामा."

"आणि हे?"

"ते… गाठोडं आहे, राणी."

लेकीने चिमुकलं बोट होडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मग मान वर करून विचारलं,

"मग तू कुठे उतरलीस?"