वळूंच्या शेजारचा गुलाब

मी आर्णीच्या आसपास गावोगाव फिरून कृत्रिम रेतनाने गाई-म्हशी भरवतो. घरी द्रवरूप नायट्रोजनचा कॅन आहे. वळूंच्या रेताच्या नळ्या त्यात उणे एकशे शहाण्णव अंशांत वर्षानुवर्षं टिकतात. सात वर्षांपूर्वी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या दीपाताई तशाच तीन नळ्या घेऊन दारात आल्या. आत पिवळी भुकटी.

"बाबांच्या गुलाबाचे पराग हायेत, संघदीप. झाडाले वाळवी लागली, जगत नाही आता."

ताईंच्या वडिलांनी, नागोरावांनी, तो काळपट लाल, घमघमणारा गुलाब स्वतः तयार केला होता. एकच झाड. ते गेले, आणि मागोमाग झाड निघालं.

"ताई, एखाद्या गाईले गुलाब झाला तं मले बोलू नका," मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत.

दर पंधरा दिवसांनी त्या यायच्या. लाकडी पट्टी कॅनमध्ये बुडवायच्या आणि बाहेर काढून तिच्यावर पांढरं हिम कुठवर चढलं ते बघायच्या. "नायट्रोजन उतरून राह्यला. आज भरून आणा." ऊन असो की पोळा, खाडा नाही. एवढी चिकाटी मी माणसात पाहिली नाही.

तिसऱ्या वर्षी त्यांनी पहिली नळी दुसऱ्या एका गुलाबावर वापरली. फळ धरलं आणि गळालं. दुसरी माझ्या साडूने, घनश्यामने घालवली. मी लग्नाला गेलतो. पठ्ठ्याने लेबल न वाचता ती कोमट पाण्यात धरली आणि म्हशीसाठी रेतनाच्या गनमध्ये भरली. दांडा दाबून थकला, काही निघेना. मी त्याची सालटी काढली. ताईंकडे जाताना मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एक हाय ना अजून," त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

शेवटची नळी त्यांनी गेल्या वर्षी माघात उघडली. कुंचल्याने पराग लावले, फुलावर कागदी पिशवी बांधली. फळ पिकलं. अकरा बिया, तीन रोपं. दोघांना फिकट गुलाबी फुलं आली, बिनवासाची.

तिसरं रोप परवा फुललं, काळपट लाल. ताईंनी वास घेतला नाही. मोतीबिंदूने दृष्टी गेलेल्या आईला, रुखमाबाईंना, हात धरून कुंडीपाशी आणलं. काहीच सांगितलं नाही.

म्हातारी वाकली. फूल नाकाशी धरलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कुठी व्हते तुमी एवढे दिवस?" तिने फुलाला विचारलं.

माझ्या कॅनमध्ये, वळूंच्या शेजारी. असं मी मनातल्या मनात म्हणालो.