उंबरखाल्याची चौसष्ट उत्तरं

उंबरखाल्या हा आईच्या माहेरचा. म्हणजे तिकडच्या गोष्टीतलं भूत. उंबऱ्याखाली राहतो, पावलांवरून माणूस ओळखतो आणि घरातल्या कशालाही हात लावला की वस्सकन अंगावर येतो. थोरलीनं त्याच्यावर छोटासा गेम करायला घेतला. चार खोल्या, तपासाला आलेली एक बाई, आणि खेळणारा जिथं क्लिक करेल तिथं उंबरखाल्याचं एक उत्तर. अशी चौसष्ट उत्तरं.

आवाज दिला बाबांनी. जन्मभर बस चालवलेला माणूस. घरात मोजून मापून बोलणार, फोनवर तर 'हं'च्या पुढे गाडी जायची नाही. पण माइक समोर आला आणि स्वारी अशी सुटली की विचारू नका. "कपाट उघडतेस? बोटं मोजून ठेव!" असं घसा खरवडून ओरडायचे आणि लगेच आपल्या आवाजात, "जमलं का ग? की परत घेऊ?" मध्येच खोकला. मध्येच, "तुझ्या आईला सांगू नकोस, पण मजा येतेय."

थोरली कामाला काटेकोर. रोज रेकॉर्डिंग साफ करायला बसायची. खोकला काढ, खुर्चीची करकर काढ, बाबांची बडबड काढ. चौसष्टावं उत्तर झालं त्या दिवशी तिनं मूळ फाइलीसुद्धा पुसून टाकल्या. पसारा तिला खपत नाही.

पुढच्याच महिन्यात बाबा गेले. सकाळी दाढीला बसले होते, ते उठलेच नाहीत.

मावशी म्हणाली, "रड ग बाई, मोकळी हो." पण रडू यायला तर हवं! थोरलीला काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीच तिला थोडी लाज वाटत होती. चौथ्या दिवशी ती कामाला लागली. तिसऱ्या खोलीतलं घड्याळ क्लिक होत नव्हतं, ते दुरुस्त केलं. उंबरखाल्या दिवसभर कानात ओरडत होता आणि ती नुसती आवाज कमी-जास्त करत होती.

एका दुपारी आई येऊन शेजारी बसली.

"काल ह्यांचा आवाज आठवेना ग मला. फोटो ढीगभर आहेत, त्यांना काय करू? तुझ्या त्या खेळात आहे ना?"

थोरलीनं गेम लावून दिला. आईनं आयुष्यात माउस धरला नव्हता. तिनं तो दोन्ही हातांनी धरला. पलंग, आरसा, कंदील, खुंटीवरची छत्री, एक वस्तू सोडली नाही. प्रत्येक वेळी उंबरखाल्या खेकसायचा आणि आई मान पुढे करून ऐकायची. दीड तास गेला. कितव्या तरी उत्तराला थोरलीला पुसलेल्या मूळ फाइली आठवल्या.

चारी खोल्या संपल्या. आईनं चष्मा काढून पुसला.

"छान ओरडलेत. हे झालं त्या मेल्या उंबरखाल्याचं. आता ह्यांचं लाव."

"एवढंच आहे, आई."

"असं कसं? दार लावून तास तास बोलत बसायचात की दोघं. मी बाहेरून ऐकायची. हसायचेसुद्धा."

"ते मी काढून टाकलं."

"का ग?"

थोरलीनं खरं तेच सांगितलं.

"मध्ये मध्ये येत होते."