क्रमांक नसलेले दोन प्रश्न

गुरुवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी तात्या परचुऱ्यांचा त्या दिवसातला दुसरा प्रश्न व्हॉट्सअॅपच्या गटावर आला. रोज एकच प्रश्न, सकाळी सातला, आणि उत्तर संध्याकाळी सातला. टाळेबंदीत सुरू झालेला हा शिरस्ता त्याआधी एकदाही मोडला नव्हता.

"निळा पत्रा. समोर मनोरा, त्यावर घड्याळ, घड्याळ बंद. डाव्या हाताला लांब भिंत, भिंतीपलीकडे क्रेन. हे ठिकाण कोणते?"

गटात त्रेचाळीस माणसं होती. काही गिरगावातल्या तात्यांच्या चाळीतली, काही तिथून उठून उपनगरात गेलेली. विषय दोनच, खेळ आणि सिनेमा. नियम मात्र परीक्षेसारखे. इंटरनेटवर शोधायचं नाही, पहिल्या बरोबर उत्तराला एक गुण, आणि सकाळी सात ते संध्याकाळी सात तात्या कुणाचाही फोन घेणार नाहीत. पहिल्या वर्षी लोक तब्येत विचारायच्या निमित्ताने फोन करून हळूच उत्तर काढायचे, त्यावर तात्यांनी काढलेला हा उपाय. मुलीलाही सूट नव्हती. मृणालिनी दादरला राहायची, प्रभादेवीला एका विमा कंपनीत होती. दिवसा वडिलांना फोन करायची सवय तिने कधीच सोडून दिली होती.

चारच्या त्या प्रश्नावर उत्तरांची झुंबड उडाली. सिनेमातल्या नायिकेला बांधून ठेवतात ते गोदाम, असं नूपुरने लिहिलं. कुणी भाऊचा धक्का म्हटलं. लालबागच्या विनीतने "माझगाव, गोदीची मागची बाजू, माझा गुण लिहा" असं ठणकावलं. विनीतचे वडील दगडू हे गोदीत तात्यांच्याच हाताखाली शिपाई होते, त्यामुळे त्याचा आवाज जरा चढा असायचा.

चार सव्वीसला पुढचा प्रश्न आला. "येथून गिरगावास कसे जावे?"

आता तर मजाच झाली. व्हिक्टोरिया घोडागाडी करून, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने विचारलं, आज तात्यांनी बेसबॉलला सुट्टी दिली वाटतं.

तो महिना बेसबॉलचा होता. मृणालिनीचा मुलगा नील शिकायला अमेरिकेला गेला, तिथे त्याला त्या खेळाचं वेड लागलं, आणि नातवाशी बोलायला विषय हवा म्हणून तात्यांनी पंचाहत्तराव्या वर्षी बेसबॉल पाठ केला. टोपीखाली कोबीचं पान ठेवून खेळणारा विक्रमवीर कोण, असले प्रश्न महिनाभर येत होते. त्या प्रश्नाला विनीतने आमच्या गल्लीतला भाजीवाला असं उत्तर दिलं, तेव्हा तात्यांनी त्याचा अर्धा गुण कापला होता.

नूपुरने हिंट मागितली. चार पस्तीसला तात्यांचं उत्तर आलं.

"मला माहीत नाही."

त्याखाली अकरा हसरे चेहरे पडले.

मृणालिनी मीटिंगमधून बाहेर आली तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती. तिने सगळं वरून खाली वाचलं आणि तीही पहिल्यांदा हसली. मग पुन्हा वाचलं. तात्या प्रत्येक प्रश्नाला क्रमांक घालायचे. आवक-जावक रजिस्टर सांभाळण्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस, बिनक्रमांकाचा कागद त्यांना उघडा वाटायचा. सकाळच्या प्रश्नाला क्रमांक होता, १६९२. दुपारच्या या दोन्हींना नव्हता. आणि मला माहीत नाही, हे शब्द तिने वडिलांच्या तोंडून आजवर ऐकले नव्हते.

तिने सकाळचा प्रश्न उघडला. "कोणत्या खेळात खेळाडू जिथून निघाला तिथेच परत पोहोचला, तरच धाव मोजतात?" हाच प्रश्न सोमवारी येऊन गेला होता. चार तारखेलाही. लोकांना वाटलं, तात्या उजळणी घेतायत. तिला तसं वाटलं नव्हतं. पण ती गप्प राहिली होती.

गप्प राहायलाही बेसबॉलच कारण झाला होता. गोलंदाजाने समोरच्यांना एकही फटका मारू दिलेला नसेल तर सामना संपेपर्यंत त्याचे सोबती त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत, बोललं की मोडतं, असं नीलने मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर सांगितलं. त्याच आठवड्यात तात्या तिच्या सासूबाईंचं नाव विसरले होते. मायलेकांनी एकमेकांकडे व्हिडिओत पाहिलं, आणि नील म्हणाला, "आई, आपण पण नको बोलायला." तेव्हा दोघंही हसले होते. डॉक्टरांची वेळ घ्यायची राहून गेली.

तिने तात्यांना फोन लावला. पूर्ण वाजून थांबला. चार वेळा लावला. रस्ता विसरलेला माणूस नियम विसरला नव्हता.

शेजारच्या राधाबाईंनी सांगितलं, तात्या सकाळी साडेनऊलाच निघाले. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. आज ऑफिसला की काय, असं त्यांनी गमतीने विचारलं, तर उशीर झालाय म्हणाले. राधाबाईही हसल्या होत्या. तात्यांना निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली होती.

मृणालिनीने गटावर लिहिलं, "हे प्रश्न नाहीत. तात्या खरंच विचारतायत."

दोन मिनिटांनी विनीतचा फोन आला.

"ताई, मी निघालो बाइकवर. माझगावच आहे ते, शंभर टक्के. बाबांचा डबा घेऊन जायचो मी तिथे."

"विनीत, ते त्यांचंच ऑफिस होतं ना रे?"

"होतं. पाडलं ताई. आता पत्रा मारलाय निळा."

विनीत साडेपाचला पोहोचला, ती सहाला. पत्रा होता, मनोरा होता, घड्याळ बंद होतं. पत्र्याला टेकून एक दगडी ओटा, त्यावर तात्यांचा डबा. विनीतने झाकण उघडून दाखवलं. पोळी-भाजी तशीच होती. समोरच्या चहावाल्याने सांगितलं, म्हातारे बाबा दुपारभर बसले होते, मोबाईलवर काहीतरी लिहायचे आणि वाट बघायचे. पाचच्या सुमारास उठले. एकटे होते का, असं तिने विचारलं. कुणीतरी हात धरला होता, असं त्याला वाटलं, पण गिऱ्हाईक होतं, नीट पाहिलं नाही.

पोलीस चौकीत तक्रार दिली. मग ती आणि विनीत पुन्हा त्या मनोऱ्याखाली येऊन उभे राहिले. सात वाजले की नियम संपतो, मग तात्या फोन उचलतील, एवढं एकच तिला धरून राहायला होतं. विनीत घड्याळाकडे पाहत होता, हातातल्या.

बरोबर सातला दोघांचेही फोन वाजले.

"उत्तर क्र. १६९२ : बेसबॉल. पहिले बरोबर उत्तर : विनीत. एक गुण."

विनीतने मान खाली घातली. सकाळी सात वाजून एक मिनिटाने त्याने उत्तर टाकलं होतं, हे त्याच्या लक्षातही नव्हतं.

तिने लगेच फोन लावला. तिसऱ्या घंटेला कुणीतरी उचलला. वाहनांचा आवाज होता, आणि अगदी जवळ कुणाचा तरी श्वास. "तात्या, मी मृणाल," ती म्हणाली. "तुम्ही कुठे आहात?" पलीकडून काही आलं नाही. मग फोन ठेवला गेला.

सात वाजून तीन मिनिटांपासून तो बंद आहे. पावणेनऊला पोलिसांनी कळवलं, उत्तर आलं तेव्हा फोन माहीमच्या मोबाईल टॉवरच्या टप्प्यात होता. माहीमला तात्यांच्या ओळखीचं कुणीही नाही.