निजलो उत्तरेले, उठलो भलतीकडेच

मी कॉइल बोलून राह्यलो. ऐकू येते ना? का मोटार चालू हाय तुमची? करा बंद थोडा वेळ. मोटार चालू असली की माहं डोकं भणभणते.

दिसाले मी म्हणजे बोअरच्या पाइपाचा तुकडा. आत लोखंडी कांडी, तिच्यावर तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, वरून कवच अन् मांगून शेपटासारखी वायर. जन्म दूरदेशातल्या कारखान्यातला. शाळा एकाच दिवसाची. एका बंद खोलीत ठेवलं, काहीबाही आवाज ऐकवले, पास म्हणून शिक्का मारला अन् खोक्यात कोंबलं. बाकी सारं वऱ्हाडच्या काळ्या मातीत लोळून शिकलो, म्हणून तं बोली अशी.

माहं काम ऐकाचं. सूर्याकडून काय काय सुटते, लांब कुठीतरी विजा पडतात, त्याच्या लहरी जमिनीत खोल उतरतात. त्या मी ऐकतो. मिठाच्या चिखलात बसवलेली मडकी जमिनीतला करंट मोजतात. आपल्या इकडे वर सारा काळा पाषाण. त्याच्या खाली जुन्या गाळाचे थर हायत का, किती जाड हायत, हे त्या दोघांवरून समजते. खाऱ्या पाण्यानं भिजलेला थर करंटाले वाट देते, तेल-गॅस भरलेला अडवते. आता तिथं तेल हाय का नाही, हे मले नका इचारू. पण लोक पहिले तेच इचारतात.

आमी तिघं भाऊ. एक उत्तरेले डोकं करून निजते, तो मी. एक पूर्वेले. तिसऱ्या बिचाऱ्याले उभाच गाडतात.

माही खोड तेवढी वाईट. मांगच्या शिवारात एक वासरू रातभर माह्या छातीवर उभं राहून अंग खाजवत होतं. मी तेही इमानदारीनं, वायरीच्या टोकाले जी नोंदीची पेटी असते, तिच्यात लिहून देलं. आमच्या नोंदी तपासणाऱ्या मंजुश्री मॅडम दोन दिवस सूर्यावर वादळ आलं म्हणून डोकं धरून बसल्या. मी काय सांगणार? मले तोंड कुठी हाय!

तं गोष्ट धामणगाव बढेच्या शिवारातली, याच हिवाळ्यातली.

पुंजाजी अन् गोजरबाई या नवरा-बायकोचा हरभरा तिथं उभा होता. घाटे टच्च भरलेले. भोवताल झटका मशीनची तार, रोही, म्हणजे नीलगाई, अन् रानडुकरं येऊ नये म्हणून. ते मशीन सेकंदाले टक करते. तुमाले तं ते ऐकूही येत नाही, मले कोणी कानावर टिचक्या मारून राह्यलं असं वाटते.

पुंजाजी चहा घेऊन जीपपाशी आला. "मॅडम, तेल लागलं तं पहिली कॅन माही. मोटरसायकल कवाची रिझर्ववर हाय."

आमचा राजकुमार, म्हणजे जीपही चालवणारा अन् खड्डेही खणणारा, म्हणे, "बुवा, तेल लागलंच तं दहा वर्षांनं लागीन."

"मंग दहा वर्षं रिझर्ववरच चालवतो!"

मॅडम हसल्या अन् लगेच कामाचं बोलल्या. "काका, आजची रात्र तारेचा झटका बंद ठेवाल? नाहीतर आमच्या पेटीत नुसती टकटकच भरेल."

पुंजाजी हाव म्हणून मोकळा. गोजरबाई मांगूनच कडाडली, "अन् रोही आले तं? त्यायले तुमी सांगसान का, मॅडमचं काम चालू हाय, उद्या या म्हणून?"

"अवं, एका रातीचा तं सवाल हाय," पुंजाजी म्हणे. "धुऱ्या-बांधावर बसून डबा वाजवू."

"बरं. पण एकच रात," गोजरबाई म्हणे. "दुसरी मांगाची नाही, सांगून ठेवतो."

राजकुमारनं नाली खणली. होकायंत्र ठेवून मले उत्तर-दक्षिण आडवं केलं. गोजरबाई कमरेवर हात ठेवून पाहून राह्यली होती.

"काऊन रे, याचं डोकं कोणतं?"

"वायर निघते ते शेपूट, माय. दुसरं डोकं."

"अन् डोकं उत्तरेले करतं? म्हणजे पाय दक्षिणेले?"

"त्याले पायच नाहीत!" राजकुमार खी खी हसला.

ती नाही हसली. माह्यावर माती पडली, पेटीले आपोआप चालू व्हाचा टाइम लावला, अन् जीप गेली. धुराळा खाली बसाच्या आत माह्यावरची माती खुरप्यानं बाजूले होऊ लागली.

"काय माणसं हायत बापा!" गोजरबाई स्वतःशीच बोलून राह्यली होती. "भरल्या पिकात मेल्यावानी निजवून गेले याले. लेकरू असो का लोखंड, असं निजवत असतात काय?"

तिनं नाली थोडी रुंद केली, मले दोन्ही हातानं उचललं अन् डोकं पूर्वेकडे वळवलं. अर्ध्यातच दगड लागला. दोनदा रेटलं, दगड हटेना.

"जाऊ दे. ईशान्य तं ईशान्य. देवाचा कोपरा हाय."

वरून माती लोटली. दोन थापट्या मारल्या. "निज आता."

मले आतल्या आत असं हसू फुटलं म्हणता! उद्या मॅडमचं तोंड पाहासारखं होईन, हेच डोक्यात. थोड्या वेळानं पेटी चालू झाली. टकटक नाही, मोटार नाही. लांब धुऱ्यावर नवरा-बायकोनं डबा बडवला असंन, माह्यापरेंत काही आलं नाही. मस्त ऐकत पडलो.

सकाळी मॅडमनं जीपच्या बोनेटवर लॅपटॉप उघडला अन् त्यायचा चेहराच उतरला.

"राजकुमार, हा उत्तरेचा बिघडलाय का? याचं निम्मं म्हणणं पूर्वेवाल्यासारखंच येतंय. असं घेऊन जाता येणार नाही." मंग गोजरबाईकडे वळल्या. "मावशी, आणखी एक रात्र द्याल?"

गोजरबाईचा गळा ओरडून ओरडून बसला होता. "मॅडम, राती रोह्यायनं खालचा कोपरा साफ केला. आता त्यायले समजलं, तार मेलेली हाय. आज ते सोयरेधायरे घेऊन येतीन. आमचं वर्षाचं पीक हाय हे."

पुंजाजी खाली पाहून म्हणे, "मी हाव म्हटलं होतं, पण आता माह्यानंही नाही होत. सारं अंग ठणकते."

तवा माहं हसू विरलं. मस्करी म्हणजे कोणाले दोन घटका येडं बनवाचं. कोणाचा हरभरा खाऊन टाकाचा नसते. पण सांगू कसा?

मॅडम लॅपटॉप मिटून म्हणाल्या, "आधी बघू तरी, काय झालंय ते."

राजकुमारनं माती काढली अन् बोंबललाच. "मॅडम! हे तं फिरलं!"

"तू होकायंत्र उलटं धरलंस का काल?"

"आईशप्पथ नाही! कोल्ह्यानं गिल्ह्यानं वढलं असंन. थांबा, सरळ करतो," म्हणत त्यानं मले काढाले दोन्ही हात घातले.

"हात नको लावू त्याले!" गोजरबाई हरभऱ्यातून तशीच पळत आली. आंबानं, म्हणजे हरभऱ्यावरच्या आंबट दवानं, लुगडं ओलंचिप्प. "मी निजवलं त्याले तसं."

पुंजाजीनं कपाळाले हात लावला.

"तुमी त्याले मेलेल्यासारखं निजवलं होतं. माह्या उभ्या पिकात. मले पाहवलं नाही. काय करा लागते ते करा."

मॅडम हळूच नालीच्या काठावर बसल्या. "मावशी, कधी फिरवलं?"

"तुमची जीप नाल्यापलीकडे गेली, तवाच."

"म्हणजे पेटी चालू व्हायच्या आधी. आणि नंतर रात्री पुन्हा हात लावला का? थोडासासुद्धा?"

"कायले लावू? निजलेल्याले कोणी हलवते का?"

मॅडम एकदम हसाले लागल्या. राजकुमारले म्हणाल्या, "हात काढ. श्वाससुद्धा जोरात घेऊ नकोस." माह्या बाजूले होकायंत्र ठेवलं. उत्तर अन् पूर्वेच्या मधात मी कुठी टेकलो, तो कोन मोजला, परत मोजला, तळहातावर लिहिला. जीपकडे पळाल्या.

पुंजाजीनं इचारलं, "काय झालं बे?"

राजकुमार म्हणे, "बुवा, रातभर ते एकाच जाग्यावर होतं. तोंड कोणीकडे होतं तेही समजलं. आता मॅडम गणितात त्याले फिरवून उत्तरेले आणतीन. पुरं पूर्वेले गेलं असतं तं दोघं भाऊ एकच गाणं म्हणत बसले असते, मंग देवही काही करू शकला नसता. अन् मी आता हलवलं असतं तं कोनच गेला असता."

"त्या दगडाच्या मी मांग लागलो होतो, काढून टाकाले," पुंजाजी नालीतल्या दगडाकडे पाहून म्हणे. "हेच म्हणे, राहू द्या."

"हे" म्हणजे गोजरबाई. ती लॅपटॉपकडे असं पाहून राह्यली होती, जसा काही त्यातूनच रोही निघीन.

मॅडमनं मान वर केली. "जुळलं! मावशी, तार चालू करा."

टक. टक. टक. माह्या कानावर परत टिचक्या सुरू. अन् सांगतो, पहिल्यांदाच मले त्या गोड लागल्या.

निघाच्या आधी धुऱ्यावर काटक्या पेटवून ओल्या घाट्यांचा हुळा भाजला. राजकुमारचं तोंड काळंकुट्ट. मॅडमनं गोजरबाईले समजावलं, मले उत्तरेलेच काऊन निजवा लागते ते. तिनं सारं ऐकून घेतलं अन् म्हणे, "बरं, काम करताना तसं. पण जीपीत ठेवसान तवा नीट ठेवजा."

त्याच्या बाद दोन-तीन मुक्काम झाले, आता आमी जानेफळकडे निघालो. खोक्यात मऊ फोम हाय, वायरीत तवाचाच एक हरभऱ्याचा घाटा अडकून आला हाय. जीप वळते तसं डोकं कवा उत्तरेले, कवा दक्षिणेले, पण राजकुमार मुक्कामाले थांबला की खोकं उचलून पूर्व-पश्चिम ठेवते. आधी मस्करीत ठेवे. आता सवयीनं.

तुमच्या शिवारात ताज्या मातीचा लांबट उंचवटा दिसला तं त्यावर बसू नका, वासरू बांधू नका, एक रात मोटार बंद ठेवा. अन् फिरवलंच मले, तं गोजरबाईवानी सांगून टाका.

आजवर लय शिवारं पाह्यली. सारे मले पुरून गेले. निजवलं तिनंच.