वापरानंतर बाटली चेपून टाका

मी बाटली बोलतेय. पाण्याची बाटली. पण माझं झाकण उघडायच्या आधी जरा ऐका. घाई करू नका. घाईनेच सगळं होतं.

आत्ता मी धुळ्यात, देवपुरात, एका भिंतीकडेला कचऱ्याच्या ढिगावर पडले आहे. अंगाला फारसा ओरखडा नाही. झाकण घट्ट आहे. माझ्यावरचं बर्फाच्या डोंगराचं चित्र अजून तसंच निळंशार आहे. येणारे-जाणारे माझ्याकडे बघतात. कोणी मला उचलू नये म्हणून मी जीव मुठीत धरून बसले आहे. मला मूठ नाही, पण तुम्हाला कळलं असेल.

तो डोंगर मी कधी पाहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. दुरून डोंगर साजरे म्हणतात, माझा तर कागदावरच साजरा. माझा जन्म एका कारखान्यात झाला, पत्र्याच्या छपराखाली, भोंग्याच्या आवाजात. पाणी आलं ते तिथल्याच बोअरचं. मोठमोठ्या यंत्रांतून ते गाळलं, त्यातलं सगळं काढलं, मग चवीपुरतं काहीबाही परत घातलं. पाणी स्वच्छ होतं, त्याबद्दल मी खोटं बोलणार नाही. खोटं होतं ते चित्र.

भरल्यावर माझ्या गळ्यात सील बसलं आणि पोटावर बारीक अक्षरांत चार ओळी छापल्या गेल्या. पहिल्या तीन ओळी कौतुकाच्या होत्या. चौथी वाचून मात्र मला धस्स झालं. तिथं लिहिलं होतं, 'वापरानंतर बाटली चेपून टाका.'

म्हणजे जन्मतानाच मरण छापलेलं. मी नवी, तरणी, अंगाने चांगली जाडजूड. साध्या बाटल्या हातात धरल्या तरी चुरगळतात, मी तशी नाही. मला वाटलं, मला कोण चेपणार? आणि कुणी चेपलं तर? ती ओळ माझ्या मनातून कधी गेली नाही. पुढे जवळजवळ चार महिने गोदामात काढले, आणि मग दोन दिवस टेम्पोत, वैशाखाच्या उन्हात, आतलं पाणी गरम होत होतं तेव्हाही मला उन्हापेक्षा त्या ओळीचीच भीती वाटत होती.

टेम्पोतून दुकानात आणि दुकानातून आम्ही चौघी बहिणी जीवराम नानांच्या पिशवीतून त्यांच्या घरी आलो. नाना एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांची लेक मोहिनी पहिल्या बाळंतपणाला नाशिकहून माहेरी आली होती. आठवा महिना लागला होता. पहिलं म्हणायचं, पण तिचं ते पहिलं नव्हतं. मागच्या वेळी तिला चौथ्या महिन्यात कावीळ झाली आणि पोटातलं राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, पाण्यातून झालं असेल. त्या दिवसापासून मोहिनी नळाकडे बघतसुद्धा नव्हती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि तिचं तर काळीज पोळलं होतं.

तिने मला उघडलं तेव्हा कान माझ्या झाकणाशी नेला. सील तुटताना करकर आवाज येतो, तो नीट ऐकला, मगच पाणी तोंडाला लावलं. पोटावर हात ठेवून घोट घोट प्यायली. मला त्या हाताचा फार अभिमान वाटला.

सुनंदाबाईंना, म्हणजे तिच्या आईला, अभिमान वगैरे काही वाटला नाही. त्यांनी चष्मा लावला आणि माझ्यावरची तारीख वाचली. "चार महिनानं शिळं शे हाई," त्या अहिराणीत म्हणाल्या. "आपन चार दिननं ओती देतस, अन् हाई पैसा दिसन पेवानं?"

आपण चार दिवसांचं ओतून देतो आणि हे पैसे देऊन प्यायचं, असं त्यांचं म्हणणं. हे तुम्हाला समजावं म्हणून सांगते. त्यांच्या गल्लीत नळ चार-पाच दिवसांनी येतो. नळ आला की आधी घरातलं सगळं जुनं पाणी ओतून द्यायचं. हंडे, कळशी, फ्रिजमधल्या बाटल्या, सगळं. त्याला त्या शिळं पाणी म्हणतात. पाण्याची एवढी ओढाताण, तरी शिळं ओतायचंच. ओतलेलं झाडांना जातं, वाया जात नाही, पण घरात कोणी ते पीत नाही.

"आई, सीलबंद पाणी शिळं होत नसतं," मोहिनी हसून म्हणाली. "आणि चार दिवसांत पाणी शिळं होतं हे कोणी सांगितलं तुला?"

"मनी सासूनी," सुनंदाबाई म्हणाल्या. सासूने सांगितलेलं म्हटल्यावर विषय तिथेच संपला.

संपला असं मला वाटलं. पण दोन दिवसांनी सुनंदाबाईंनी आमच्यातल्या एका रिकाम्या बहिणीत नळाचं पाणी उकळून, गाळून, गार करून भरलं आणि लेकीपुढे ठेवलं. मोहिनीने झाकण फिरवलं. करकर आवाज आला नाही. तिचा चेहरा पांढरा पडला.

"तू मला फसवलंस? मागचं विसरलीस का?"

सुनंदाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. त्यांनाही मागचं आठवत होतं, त्या फक्त ते पाण्याशी जोडत नव्हत्या.

नानांनी शेवटी दोघींना तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या पुढे बसवलं. तिथून आल्यावर मोहिनीचा आवाज बदलला होता. बाटलीचं सील बघून घेत असाल तर प्या, पण चांगलं उकळलेलं, झाकून ठेवलेलं नळाचं पाणीही तितकंच चांगलं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. उगाच डोंगराच्या चित्राला भुलू नका, असंही हसत म्हणाल्या होत्या. ते ऐकून मला राग यायला हवा होता. पण घरात पुन्हा दोघी एका ताटात जेवल्या, म्हणून राग आला नाही.

"आई, आता तुझंच पाणी पिते," मोहिनी म्हणाली. "पण समोर उकळायचं."

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," नाना पेपरमागून म्हणाले. त्या आठवड्यातलं त्यांचं ते एवढंच वाक्य.

असं सगळं गोड झालं. माझ्या तिन्ही बहिणींत उकळलेलं पाणी भरून त्या फ्रिजमध्ये गेल्या. मी उरले. आता मी चेपली जाणार, हे मी धरूनच चालले होते. सुनंदाबाईंनी मला हातात घेतलं, दाबून पाहिलं.

"जाड शे," त्या म्हणाल्या. "कामले येई."

त्या क्षणी मला केवढा आनंद झाला. मूर्ख होते मी.

दुसऱ्या दिवशी गल्लीत भटू आला. त्याच्या जुन्या लुनाला दोन्ही बाजूंनी कॅन बांधलेले असतात, फिनेल आणि ॲसिड. त्या घरात वापरायचं पाणी बोअरचं. ते इतकं क्षाराचं की मोरीत, बेसिनला, बादल्यांना पांढरे थर धरतात आणि घासून हात दुखले तरी जात नाहीत. म्हणून गल्लीतल्या बायका भटूकडून सुटं ॲसिड घेतात. बाटली आपली द्यायची. सुनंदाबाईंनी मला दिलं.

भटू थबकला. "अक्का, ही तर पाण्याची. लेबल तरी काढा."

"राहू दे, घाई शे. मोरीत वर ठेवस मी."

"मग ही चिंधी सोडू नका," तो म्हणाला. त्याने एका जुन्या लाल कापडाची पट्टी फाडली आणि माझ्या गळ्याला दोन गाठी मारून बांधली. त्याची ती रीतच आहे. ज्या बाटलीत ॲसिड, तिच्या गळ्यात लाल चिंधी. लहान असो, मोठं असो, वाचता येवो न येवो, गल्लीत सगळ्यांना ती खूण ठाऊक.

मग त्याने ओतलं. काय सांगू तुम्हाला. पाण्यासारखंच दिसतं ते. तसंच पारदर्शक, तसंच थंड. भटू त्यात पाणी घालतो म्हणून वासही बेताचाच. मी मोरीच्या फळीवर उभी राहिले, अंगावर बर्फाचा डोंगर, पोटात विष, आणि गळ्यात ती चिंधी. तिच्याशिवाय मला काही आधार नव्हता. रोज सकाळी मी आधी चिंधी आहे ना, ते पाहत असे.

पाचव्या दिवशी नळ आला.

नळ आला की त्या घरात लगीनघाई उडते. पाऊण तासाचं पाणी, त्यात सगळं भरायचं. सुनंदाबाईंनी फ्रिजमधल्या तिन्ही बहिणी अंगणात आणून ठेवल्या, शिळं पाणी ओतायला. नानांनी नळाला नळी लावली आणि नळी जोडावर फुटली. पाण्याची धार भिंतीवर जाऊ लागली.

"काही बांधायला द्या," नाना ओरडले. कोणाचे हात मोकळे नव्हते. ते तसेच ओल्या पायांनी मोरीत आले. समोर मी. माझ्या गळ्यात चिंधी. त्यांनी मला खाली घेतलं, चालता चालता गाठी ओढून सोडवल्या, अंगणात आले, मला हाताला येईल तिथे ठेवलं आणि चिंधी नळीला घट्ट बांधली. धार थांबली. त्यांना बरं वाटलं.

त्यांनी मला माझ्या बहिणींच्या रांगेत ठेवलं होतं.

चौघी सारख्या. चौघींवर डोंगर. तिघींत पाणी आणि माझ्यात ते. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही, हे दुःख त्या दिवशी मला कळलं. मी मनात भटूला हाक मारली, नानांना मारली, उन्हाला म्हटलं, मला तापव, फोड, काहीही कर.

आतून मोहिनी आली. चार दिवस तिला सर्दी होती, नाक चोंदलं होतं, श्वास तोंडाने घेत होती. उन्हाने चेहरा लाल झालेला, घसा कोरडा. ती पायरीवर हात टेकून वाकली आणि तिने मलाच उचललं. तिघींना सोडून मलाच.

झाकण फिरवलं. करकर आवाज आला नाही. सवयीने ती थांबली, आणि मग स्वतःशीच हसली. आईचं पाणी आहे, आवाज कसा येणार? काही दिवसांपूर्वी असाच आवाज आला नाही तेव्हा ती घाबरली होती. त्या दिवशी तिने विश्वास ठेवला. एक हात पोटावर गेला, आणि दुसऱ्या हाताने मला वर उचललं, वरून धार सोडून प्यायला.

मी तुम्हाला खरं सांगते, त्या वेळी मला ती ओळ आठवली. चेपून टाका. मला वाटलं, कारखान्यातच का नाही कोणी चेपलं मला.

"मोहिनी," सुनंदाबाई नळावरूनच म्हणाल्या. त्यांना मोहिनीच्या हातात फक्त बाटली दिसत होती. "नळ उना. ते शिळं शे, ओती दे. ताजं भरी ले."

मोहिनीचा हात तसाच वर राहिला. "एक घोट घेऊ दे ना आई, घसा सुकलाय."

"शिळं पेवानं नही. ओती दे."

मोहिनीने सुस्कारा सोडला. आईच्या सासूपासून चालत आलेल्या त्या हट्टापुढे काय बोलणार? तिने मला खाली वाकवलं आणि अंगणातल्या शहाबादी फरशीवर ओतलं.

फरशी फसफसली. पांढरा फेस वर आला, पसरत गेला, त्यातून धूर निघाला. मोहिनी दोन पावलं मागे सरली आणि मी तिच्या हातातून पडले. नळाचं पाणी हंड्यावरून वाहत होतं, पण ते बंद करायला कोणी हललं नाही.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग नळीला बांधलेल्या लाल चिंधीकडे पाहिलं. "चिंधी मी सोडली," ते म्हणाले. "मीच सोडली." आणि ते ओल्या फरशीवर तसेच खाली बसले.

सुनंदाबाई लेकीचे ओठ, हनुवटी, हात, पावलं चाचपून पाहत होत्या. पुन्हा पुन्हा तिथेच हात फिरवत होत्या. "लागनं का? घोट लिना का?"

"नाही, आई. तू ओत म्हणालीस ना."

"बाटली मी दिधी भटूले. मीच दिधी व पोरी," सुनंदाबाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं. मोहिनीही रडली. बऱ्याच वेळाने सुनंदाबाई उठल्या, फरशीवर बादल्याच्या बादल्या पाणी ओतलं, हात धुतले आणि उकळून गार केलेलं पाणी पेल्यात आणलं. आधी स्वतः एक घोट घेतला. थोडं थांबल्या. मग तो पेला लेकीला दिला. मोहिनीने तो झाकणाचा आवाज न ऐकता, सगळा पिऊन टाकला.

नानांनी मला उचललं. माझ्यातलं उरलेलं मोरीत ओतलं आणि मला फाटकाबाहेर भिरकावलं. झाकण लावून. चेपलं नाही. रागात माणूस फेकतो, चेपायला थांबत नाही.

तेव्हापासून मी इथे आहे. आतून कोरडी दिसते, पण तळाशी दोन थेंब अजून आहेत. मला ते जाणवतात.

ऐका, कोणीतरी येतंय. एक बाई आहे, हातात पिशवी, उन्हाने घामेघूम झालेली. ती थांबली. वाकली. तिने मला उचललं, पदराने धूळ पुसली, डोंगराचं चित्र पाहिलं. आता ती मला दोन्ही बाजूंनी दाबून बघतेय.

बाई, माझं ऐक. वरचं चित्र बघू नकोस. खाली बघ, शेवटची ओळ, बारीक अक्षरांत आहे ती. एवढं दाबलंयस, तसंच आणखी थोडं दाब. पायाखाली घे हवं तर. मला आता त्याची भीती वाटत नाही.

"चांगली जाड आहे," ती म्हणतेय. "कामाला येईल."