आत्याजवळ राहिलेलं नाव

रत्नमालाला ताप आलाय, हे घरात फक्त रत्नमालालाच मान्य नव्हतं. पाडव्याच्या सकाळपासून अंग तव्यासारखं तापलेलं, घसा बसलेला, आणि बाई उस्मानपुऱ्यातल्या घरात पलंगावर बॅग उघडून बसलेली! नवरा, म्हणजे रामराव, कपाळाला हात लावायला आले की ही मान मागं घ्यायची.

"काय नाय झालं. तळणाचा धूर बसलाय घशात."

तळण होऊन आठवडा लोटला होता. इतका चिवट धूर रत्नमालाच्याच घशात बसू जाणे!

तसं तिचंही खरं होतं म्हणा. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, आणि भाऊबीजेलाच वैजापूरकडं, गावी, बारसं धरलेलं. धाकटा भाऊ बिभीषण तिथं मेंढरं आणि थोडी शेती सांभाळायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्याच्या घरात पाळणा हलला नव्हता. देव झाले, दवाखाने झाले, आणि सगळ्यांनी आशा सोडल्यावर आता कुठं मुलगी झाली. अशा लेकीच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सख्खी आत्या एकच. नाव तिनं केव्हाच ठरवलं होतं, पण कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं. रामरावांनी खोदून खोदून विचारलं, बाई बधली नाही. नाव आधी बाळाला कळलं पाहिजे, मग जगाला, हा तिचा कायदा.

आणि गेलं नाही तर? तर चुलत बहीण गीताबाई तिथं बिभीषणच्या शेजारच्याच घरात पदर खोचून तयार होती. गीताबाईला पुढं व्हायला कधी बोलावणं लागलं नाही. ती पाळण्याशी वाकलीय, हे नुसतं डोळ्यांपुढं आलं तरी रत्नमालाचा ताप वर चढायचा.

भाऊबीजेला सकाळी गोळी घेतली, घाम सुटला, ताप उतरला. बाई एकदम खूश! नवी साडी नेसली, बाळासाठी हातानं शिवलेली कुंची बॅगेत ठेवली आणि रामरावांना गाडी काढायला पिटाळलं. तेवढ्यात समोरची जैतुनबी घराची किल्ली घ्यायला आली. रत्नमाला गावाला गेली की कुंड्यांना पाणी तीच घालायची.

"आवाजाला काय झालं गं तुझ्या?"

"काय नाय. उतरलाय ताप."

"म्हंजे होता तर!" जैतुनबीनं खुर्ची ओढली. "मला एक सांग, कानात नाव सांगता तुम्ही, ते लांबून सांगता व्हय?"

"लांबून कसं? कानाला तोंड लावून. हे असं बघ."

रत्नमालाला तर दाखवायला निमित्तच पाहिजे होतं. तिनं डोक्यावरून पदर घेतला, जैतुनबीच्या कानाशी वाकली, "कुर्रर्र..." केलं, आणि खोकला आला. आला तो असा की थांबायचं नावच घेईना. जैतुनबीचा खांदा धरून ती पार दुमडली. कसाबसा दम परत आला तेव्हा जैतुनबी पदरानं कान पुसत होती. ती हसली असती तर रत्नमालाही हसून मोकळी झाली असती. पण ती हसली नाही.

"माझं काय नाय गं," जैतुनबी हळूच म्हणाली. "माझे कान जून झालेत."

रत्नमाला मटकन पलंगावर बसली. तो इवलासा कान तिनं फोटोत कितीदा मोठा करून पाहिला होता. तिचे डोळे भरून आले. रागही आला, तापाचा, खोकल्याचा आणि काही कारण नसताना गीताबाईचा.

"अहो, गाडी आत घ्या," तिनं हाक मारली. "नाय जात मी."

मग तिनं बिभीषणला फोन लावला. सगळं ऐकून त्यानं तिथंच बायांना सांगून टाकलं. मागं बायांचा गलका चालला होता, आणि त्यातून गीताबाईचा आवाज खणखणीत आला, "मी हाय की! मी बी आत्याच हाय!"

आपल्या पायी पोरीचं बारसं मोडायला नको. "दे गीताच्या हातात फोन," रत्नमाला म्हणाली. "सांगते तिला नाव." एवढं बोलताना तिचा जीव तुटत होता.

पण फोनवर आली ती तनुजा, भावजय. एरवी नणंदेपुढं 'व्हय आक्का, नाय आक्का' याच्या पलीकडं न जाणारी.

"आक्का, नाव कुणाला सांगू नका."

"अगं, बाया जमल्यात, सैपाक झालाय..."

"जेवून जातील. पोरीला पाळण्यात घालू, पाळणे म्हणू. नाव तेवढं ऱ्हाऊ द्या. तिला काय आजच आधार कार्ड काढायचंय व्हय?"

मागं बाया खो खो हसल्या. तनुजा बहुतेक फोन घेऊन अंगणात गेली, कारण गलका कमी झाला आणि तिचा आवाज खाली आला.

"इतकी वर्षं कुणी मला मुलाबाळाचं विचारलं की तुम्ही मधी पडून दुसराच विषय काढायच्या, आक्का. मला कळायचं. माझ्या लेकीचं नाव तुमच्याच तोंडून पडंल. बरं वाटलं की घेऊन या."

तिकडं गीताबाई दारातून ओरडत होती, "अगं पण नाव सांगणारीच नाय, तर आम्ही पाठीत गुद्दे घालायचे कुणाच्या?"

"ह्यांच्या घाला!" तनुजा म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी बिभीषणची बोंब इथवर ऐकू आली.

रत्नमाला हसली, रडली आणि खोकली, तिन्ही एकदम. मग साडी सोडून साधी नेसली आणि गोधडी ओढून गुमान पडली. रामरावांनी काढा आणला. जैतुनबी दारातच उभी राहून म्हणाली, "आता तर सांग की गं. आम्ही कुणाला सांगणार?"

"माझ्या तरी कानात सांग," रामराव खाली वाकले.

"व्हा बाजूला, लागण होईल," रत्नमाला म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून तिनं मनातल्या मनात पोरीला नावानं हाक मारली.