माशाने नेलेला नंबर

माझ्या बहिणीच्या नवऱ्याकडे, काझकडे, पक्षाघाताने फार थोडं शिल्लक ठेवलं. डावा हात, आणि "बरोबर आहे" एवढे दोन शब्द. भूक लागली तरी बरोबर आहे, कॉफीने तोंड पोळलं तरी बरोबर आहे. चर्चमधले फादर त्याला भेटून गेले आणि दारात मला म्हणाले, "आयरिना, काय शांतपणे स्वीकारलंय त्याने!" आता फादरना काय सांगू? त्यांच्या खुर्चीचा पाय काझच्या पायावर होता आणि तो बिचारा तेच ओरडून सांगत होता.

अमेरिकेतल्या साउथ बेंडच्या आमच्या पोलिश वस्तीत काझला आणि त्याच्या हिरव्या स्टुडबेकर गाडीला ओळखत नाही असं घर नाही. स्टुडबेकरचा कारखाना इथे चालू होता तोवर त्याने तिथे कार्बोरेटर बसवले आणि कारखाना बंद पडल्यावर तोच उद्योग घरच्या गॅरेजमध्ये मांडला. कार्बोरेटर खोलताना सुटे भाग उजव्या मुठीत धरायचा. बशीत ठेवलेलं मांजर नेतं, मूठ हाच माझा ड्रॉवर, असं म्हणायचा. गाडी वर्षभर चादरीखाली झोपायची आणि ईस्टरनंतरच्या सोमवारी, डिंगसला, म्हणजे आमच्या पाणी उडवायच्या सणाला, बाहेर निघायची. माझी बहीण लिओना पुढे, मी मागे, आणि हा बाबा खिडकीतून बाटलीने रस्त्यावरच्या बायकांवर पाणी उडवत वस्तीच्या क्लबपर्यंत जायचा. साठी उलटली तरी चळ गेला नव्हता.

यंदाचा डिंगस शेवटचा. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, गाडी विकत घेतलेला माणूस ट्रेलर आणणार होता आणि महिनाअखेरीस लिओना आणि काझ मुलीकडे राहायला जाणार होते, तिसऱ्या मजल्यावर, जिथे सायकल ठेवायलासुद्धा जागा नाही. लिओनाने काझला शब्द दिला होता, "सोमवारी तुला तुझ्याच गाडीतून क्लबला नेणार. मी चालवणार." पण काझच्या आजारपणात दोन हिवाळे गाडी उभी होती. कार्बोरेटरमधलं पेट्रोल सुकून त्याचा डिंक झाला होता आणि गाडी नुसती खोकत होती.

म्हणून गुड फ्रायडेच्या सकाळी झिगी आला. झिगी काझचा कारखान्यातला सोबती. आयुष्यभर दारं बसवली, पण ऐट अशी की अख्खी गाडी यानेच जन्माला घातली. त्याने कार्बोरेटर काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर, लिओनाच्या पिठाच्या परातीशेजारी, वर्तमानपत्रावर ठेवला आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"पट्टी कुठाय याची?"

"कसली पट्टी?" लिओना म्हणाली.

"अगं, पितळेची. झाकणाच्या स्क्रूखाली असते. तिच्यावर नंबर असतो. नंबराशिवाय हा कोण, कुठल्या सालचा, ते कसं कळणार?"

"ती माशाने नेली," मी म्हणाले.

खरंच नेली होती. काझला कधी नंबर लागलाच नाही. अंगठा फिरवून तो कार्बोरेटर ओळखायचा, जशी आम्ही कणीक ओळखतो. म्हणून त्या पितळी पट्ट्या काढून तो मासे भुलवायला गळाला बांधायचा. या गाडीची पट्टी सेंट जोसेफ नदीतल्या एका माशाने दोरीसकट पळवली. हा किस्सा आम्ही दर डिंगसला ऐकला आणि मासा दरवर्षी वाढत गेला.

झिगीने गाडीचं पुस्तक चाळलं. मग मान हलवली. "हा या गाडीचा नाहीच. काझने कुठला तरी दुसराच बसवलाय. दिसायला सारखे असे दोन प्रकार आहेत. एकात पंपाच्या वाटेत, पेट्रोल उलटं जाऊ नये म्हणून, छोटी पोलादी गोळी असते, दुसऱ्यात नसते. दुरुस्तीच्या पाकिटातल्या कागदावर दोन्ही छापलेत आणि पाकिटात गोळी दिलेली नाही. जुनीच वापरा म्हणे."

"मग उघडून बघ ना. असली तर दिसेल," लिओना म्हणाली.

झिगीने झाकण काढलं. लिओनाने उरलेलं घाण पेट्रोल ओतून टाकायला खालचा भाग उचलून ट्रेवर उपडा केला, आणि त्याच क्षणी काझने खुर्चीतून टेबलावर अशी झडप घातली की कॉफीची किटली, पीठ, झिगीच्या कपाळावरचा चष्मा, सगळं जमिनीवर. "बरोबर आहे! बरोबर आहे!"

"अरे देवा, काझ!" लिओना किंचाळली. "भाजलं असतं ना रे!"

आम्ही फडकी घेऊन धावलो. त्याला सरळ बसवलं. तो धापा टाकत डाव्या हाताने आपली उजवी मूठ चोळत राहिला. ती मूठ पक्षाघातापासून घट्ट मिटलेली. त्याला स्वतःला ती उघडता येत नसे. नर्सने सांगितलं होतं, रोज कोमट पाण्यात एकेक बोट सोडवून तळवा धुवायचा, नाहीतर चिघळेल. लिओना ते इमानेइतबारे करायची.

सगळं पुसून झाल्यावर झिगीने पंपाच्या वाटेत टॉर्च मारला. रिकामी.

"गोळी नाहीये. म्हणजे बिनगोळीचा प्रकार," तो म्हणाला. तरी खात्री करावी म्हणून काझच्या पुढ्यात बसला. "काझ, मित्रा, यात गोळी असते का?"

"बरोबर आहे!"

"की नसते?"

"बरोबर आहे! बरोबर आहे!" आणि उजवी मूठ डाव्या हाताने उचलून त्याने टेबलावर आपटली. चमचे वाजले.

"असते की नसते, एक काय ते सांग रे बाबा!"

काझने मूठ झिगीच्या छातीला लावली. झिगी मागे सरकला. "हा मारतोय मला!"

"थकलाय तो, झिगी, पुरे कर," लिओना म्हणाली.

"ठीक. मग माझा नियम. जे निघालं तेच परत घालायचं. जे निघालं नाही ते घालायचं नाही."

नियमात खोट काढण्याइतकं ज्ञान आम्हा दोघी बहिणींना नव्हतं. दोन दिवस लिओनाने टूथब्रश आणि रॉकेल घेऊन एकेक भोक साफ केलं, बारीक तार फिरवली, फुंकर मारली. नवी गॅस्केटं, नवी सुई, पंपाचा नवा चामड्याचा वायसर. सोबत ईस्टरची टोपली, अंडी रंगवणं, सॉसेज उकडणं, आणि घरभर सामानाचे खोके. काझ येता-जाता मूठ तिच्यापुढे करायचा, कधी तिच्या पोटाला ढोसायचा. "धुते रे, धुते," ती म्हणायची. "एवढी गाडी होऊ दे, मग निवांत धुते." मीही म्हणाले, "एक-दोन दिवस हात न धुतल्याने कोणी मरत नाही." माझी जीभ ही अशी.

शनिवारी संध्याकाळी गाडी सुरू झाली. जागच्या जागी इतकी मऊ चालत होती की लिओना झिगीच्या गळ्यात पडली. काझ गॅरेजच्या दारात चाकाच्या खुर्चीत रडत होता आणि मूठ हलवत होता. आम्हाला वाटलं, आनंदाने.

रविवार चर्च आणि ईस्टरच्या जेवणात गेला, हात धुणं राहूनच गेलं. सोमवारी त्याला बो-टाय लावला, दोघांनी उचलून सीटवर बसवला, डाव्या हातात पाण्याची बाटली दिली. लिओनाने गाडी अलगद गॅरेजबाहेर काढली. शेजारचे लोक कागदी ताटल्यांत सॉसेज घेऊन फाटकाशी उभे होते, टाळ्या वाजवत होते. रस्त्याच्या तोंडाशी तिने पेडल दाबलं. गाडी एकदा खोकली आणि मेली. पुन्हा सुरू केली, पुन्हा दाबलं, पुन्हा मेली. टाळ्या हळूहळू थांबल्या.

झिगीने बॉनेट उघडून कार्बोरेटरच्या घशात पाहिलं. "दाब बघू." लिओनाने दाबलं. "धारच येत नाहीये. पेट्रोल उलटं मागे जातंय." त्याचा चेहरा पडला. "गोळी होती यात, लिओना. होती."

"मग घाल ना!"

"कुठून घालू? आज सगळं बंद. आणि कुठल्या मापाची? माप नंबरावर मिळतं."

"नंबर माशाकडे," मी म्हणाले. कोणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही.

काझ मूठ खिडकीच्या काचेवर आपटत होता. "बरोबर आहे. बरोबर आहे."

"नको ना रे आपटू," लिओना म्हणाली. "कळतंय मला. मी काय करू, सांग. काय करू मी?"

झिगी म्हणाला, माझ्या गाडीतून नेतो क्लबला. काझने तोंड फिरवलं. मग शेजाऱ्यांनी ताटल्या खाली ठेवल्या आणि गाडी ढकलत परत गॅरेजमध्ये नेली. बाटली तशीच भरलेली राहिली.

मंगळवारी ट्रेलर आला. त्या माणसाला गाडी चालते की नाही याच्याशी देणंघेणं नव्हतं. म्हणाला, तसंही सगळं काढून नवं इंजिन बसवणार आहे. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत काझ बघत राहिला. आता तो मूठ कोणाला दाखवत नव्हता.

लिओनाने कोमट पाण्याचं भांडं आणलं, त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि हात पाण्यात धरला. करंगळी सोडवली, मग तिच्या शेजारचं बोट. तिसरं बोट उघडलं तसं भांड्यात काहीतरी टणकन वाजलं.

पोलादी गोळी. वाटाण्याहून लहान. काझच्या तळव्यात तिचा लाल खळगा पडला होता, कडेने गंजाची रेघ.

आम्ही दोघी त्या पाण्याकडे बघत राहिलो. शुक्रवारी ट्रेमध्ये उपडं करताना ती निसटली असणार, आणि त्या सगळ्या सांडलवंडीत याने ती डाव्या हाताने पकडून मिटल्या बोटांच्या फटीतून ड्रॉवरमध्ये, उजव्या मुठीत, ढकलली. इतक्या वर्षांची सवय. ड्रॉवर आता उघडत नाही, हे त्या क्षणी विसरला असणार.

"त्या माणसाला फोन करू?" मी विचारलं.

"कशाला?" लिओना म्हणाली. "त्याला काय करायचीय?"

तिने गोळी पुसली. खळग्याला मलम लावलं, त्यावर कापडाची घडी ठेवली, घडीवर गोळी ठेवली आणि एकेक बोट परत मिटवलं. मग दोन्ही हातांनी ती मूठ धरून ती म्हणाली, "बरोबर आहे, काझ. तुझंच बरोबर होतं."